अक्काला विचारा : घाटावरची मावशी आणि तिचा म्हातारा सरदार

प्रश्न : अक्का नमस्कार. आमी चिक्कोडी तालुक्यातले, कृष्णाकाठचे, गावाचं नाव छापू नका. आमी अंबी लोक, घाटाला लागून अकरा घरं नि सात होड्या, मासे धरणं आणि पूल पाण्याखाली गेला की माणसं इकडनं तिकडं सोडणं हेच काम. दिवाळीच्या आधी एक मावशी आली, साठीच्या वरची असंल, पाठीवर बोचकं आणि मागनं एक म्हातारं कुत्रं. चिंचलीची मायाक्का, सौंदत्ती, नरसोबावाडी, पंढरपूर असं जत्रा धरून फिरते म्हणे, घर न्हाई, कुणाबद्दल काय सांगत पण न्हाई. दोन दिवसांनी निघाली तर कुत्रं उठंना, मग ती पण बसली ती बसलीच. तवापासनं आमच्या जाळ्याच्या खोपीत हाय. बायका आळीपाळीनं भाकरी देतात, आमी मासे देतो, ती गुंतलेली जाळी सोडवून देते आणि खरं सांगू, आमच्या पोरांपेक्षा बरी सोडवते.

कुत्र्याचं नाव सरदार. कारवानी हाय, निम्मा तरी, उंच पाय नि बारीक कंबर. एकोणीसच्या महापुरात सापडला म्हणते, तवाच मोठा होता. आता सकाळी उठताना मागचे पाय थरथरतात, डोळे निळसर झालेत, पाणी लई पितो, ऐकू कमी येतंय खरं रात्री पाणमांजर जाळ्याकडं आलं की पहिला तोच भुंकतो, कसं कळतंय तेला देवाला माहीत.

आता पावसाळा तोंडावर, खोप पहिल्या पाण्यातच जाणार आणि त्यावरनं आमच्यात भांडणं लागलीत. पोरं म्हणतात मावशीला आश्रमात सोडूया, फोन केला तर ते म्हणाले बाईला घेतो, कुत्र्याला न्हाई. मावशी म्हणाली मग मी चालले. एकजण म्हणतो कुत्र्याला इंजेक्शन द्या, एकजण म्हणतो लांब नेऊन सोडून या. पुतण्यानं मोबाईलवर बघितलंय की विलायतेत लोक होडीतच घर करून राहतात, तर आपली जुनी होडी पत्रा घालून देऊया म्हणतो. तुमी सांगा काय करावं.
— एक होडीवाला

अक्का : अण्णा, आधी ते इंजेक्शनचं मिटवून टाकूया. जो कुत्रा खातोय, माणूस ओळखतोय आणि रात्री तुमची जाळी राखतोय त्याला इंजेक्शन कशाला ओ? अशी वेळ येते कधीकधी, मी नाही म्हणत नाही, खाणं सुटतं, पडल्या जागी घाण होते, दुखण्यानं रात्रभर कण्हतं, खरं तेव्हासुद्धा ते डॉक्टरनं बघून आणि मावशीनं हो म्हटल्यावर. घाटावर बसून बैठक घेऊन ठरवायची गोष्ट नाही ती. आणि लांब नेऊन सोडून या म्हणणाऱ्याला सांगा की हाल होतील अशा ठिकाणी जनावर टाकून येणं हा १९६० च्या प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या कायद्यात गुन्हा आहे. कायदा राहू दे बाजूला, तो मुधोळकडचा कारवानी, टपाल खात्यानं २००५ साली ज्या जातीचं तिकीट काढलं, लष्करानं ट्रेनिंगला नेली ती जात, आणि आपण त्याला पोत्यात घालून उसात सोडणार?

पुतण्याची आयडिया मला आवडली, मनापासून आवडली, खरं चालणार नाही. इंग्लंडात लोक कालव्यांवर राहतात, त्या बोटी जेमतेम सात फूट रुंद, आणि कालव्याचं पाणी फाटकं बसवून एका पातळीला धरलेलं असतं. तिथंही सुखानं कुठं बसता येतंय, कायमची जागा नसलेल्या बोटीनं एका ठिकाणी सलग १४ दिवसांवर थांबायचं नाही असं त्यांच्या १९९५ च्या कायद्यात आहे. म्हणजे तीही फिरस्तीच माणसं, तुमच्या मावशीसारखी. खरं आपली कृष्णा कालवा नव्हे. तिकडं कोयना, वारणा, पंचगंगा भरली की सगळं मिळून राजापूर बंधाऱ्यावरनं आपल्याकडं येतंय, रात्री झोपताना पायरीवर असलेलं पाणी सकाळी देवळात असतं, हे मी तुमाला काय सांगणार, तुमीच आमाला २०१९ ला होडीतनं काढलंसा (तुमी म्हणजे तुमच्यातलेच कोणीतरी, मी नाव पण विचारलं नाही त्या गडबडीत, पोटाशी फक्त कागदाची पिशवी धरली होती). बांधलेली जुनी होडी, आत झोपलेली म्हातारी नि न ऐकणारं कुत्रं, दोर तुटला तर? नको.

जागा कुठं द्यायची ते सोपं आहे. गावात २००५, २०१९, २०२१ या तिन्ही पुरांच्या खुणा असतील कुणाच्या ना कुणाच्या भिंतीवर, त्यातली वरची खूण धरा आणि तिच्याही वरची खोली बघा. समुदाय भवनाच्या मागची, देवळाच्या ओवरीतली, कुणाच्या रिकाम्या गोठ्यातली चालेल. दोन गोष्टी तेवढ्या बघा, आतनं लावायची कडी आणि जवळ संडास. एकटी बाई आहे, घाटावर संध्याकाळी कोण कोण प्यायला बसतंय ते तुमाला ठाऊक आहे. किल्ली तिच्याकडंच द्या. आणि हे पाणी यायच्या आधी करा, आत्ता, कारण कल्लोळ-येडूर नि मलिकवाड-दत्तवाडचे बंधारे बुडाले की मग सगळा गाव धावपळीत असतो आणि काळजी केंद्रात (पूरग्रस्तांना ठेवतात तिथं) कुत्रं आत घ्यायचं की नाही यावर भांडत बसायला कुणाला वेळ नसतो. जमलं तर आजच ग्रामपंचायतीच्या पीडीओच्या (विकास अधिकाऱ्याच्या) कानावर घालून ठेवा की आमच्यातली एक बाई कुत्र्यासकट येणार आहे. आमच्यातली असंच म्हणा, मुद्दाम सांगते.

आता सरदार. एकोणीसला मोठा होता म्हणजे आज नऊच्या आसपास किंवा वर, कारवानीच्या मानानं म्हाताराच. सकाळी पाय थरथरतात ती बहुतेक सांधेदुखी. या जातीच्या अंगावर ना केस ना चरबी, ओल्या जमिनीवर झोपला की आखडणारच. तुमच्याकडं मासळीच्या थर्माकोलच्या पेट्या असतात, त्यांची झाकणं खाली घाला, वर दोन पोती, वर जुनी वाकळ, एवढ्यानंच आठ दिवसांत फरक दिसेल बघा. थर्माकोल कुरतडायला लागला तर मात्र काढा. फाटकी जाळी नि गळ त्याच्या आसपास नकोत, डोळा अधू असला की पाय अडकतो. निळसर डोळ्याची लई धास्ती घेऊ नका, म्हातारपणी बुबुळामागं धूसर होतंय खरं दिसतंय बऱ्यापैकी, पांढराफट्ट झाला तर मोतीबिंदू.

मला खटकलं ते पाण्याचं. लई पाणी पितो म्हणजे किडनी किंवा साखर असू शकते, ते गुरांच्या दवाखान्यात दाखवाच. १९६२ ला फोन लावला तर पशुसंजीवनीची गाडी येते, गुरांसाठी म्हणून लोकांना माहीत आहे, खरं कुत्र्याचं पण विचारा, विचारायला काय जातंय. तोवर माणसाची दुखण्याची गोळी अजिबात घालू नका. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन कुत्र्याला विष आहे. हे मी पुस्तकातनं सांगत नाही, आमच्या घरच्या कुत्रीला पाय दुखतोय म्हणून मीच अर्धी गोळी दुधातनं घातली होती, दोन दिवस रक्ताच्या उलट्या, वाचली ती तिच्या नशिबानं, माझ्या अक्कलेनं नव्हे.

खायला मऊ भात, भिजवलेली भाकरी, उकडलेलं अंडं. मासे देताय तर उकडून काटे काढून, चिलापीचा काटा म्हाताऱ्या घशात बसला तर दवाखान्यापर्यंत पोचणार नाही. खारवलेली सुकट नको, कांदा-लसणाचं कालवण नको. नदीवर पाणी प्यायला एकटा सोडू नका, मगरी आहेत आपल्याकडं आणि सुस्त चालणारं कुत्रं मगरीला आवडतंय. बादली ठेवा खोलीत.

होडीतनं न्यायची वेळ आली तर गळ्यात दोर बांधून ओढू नका. मागच्या पोटाखालनं पंचा घाला, एकानं पुढनं छातीला धरा, दुसऱ्यानं पंचा उचला, वीस-पंचवीस किलोचं जनावर आहे, जमतंय. तळाला ओलं पोतं टाका, डांबर लावलेल्या फळीवर त्याची नखं घसरतात, घसरला की घाबरतो, घाबरला की उडी मारतो आणि होडी कलंडते. मावशीला आधी बसवा, मग तो आपणहून शांत बसेल. उलटं केलंत तर ती काठावर आणि तो होडीत, काय गोंधळ होईल तुमीच बघा.

राहिली मावशी. आश्रम वाईट असतात असं नाही, खरं तिनं तुमाला उत्तर दिलंय की, मी चालले म्हणाली. तुमी तिला जागा द्यायला निघालाय आणि ती बदल्यात कुत्रं द्यायला तयार नाही, एवढंच आहे ते, त्यात पोरांनी रागवायचं कारण नाही. मला विचाराल तर ती तुमच्या धंद्यात आधीच शिरलीय. जाळी सोडवते ना? मग होडीचा वाटा काढता, जाळ्याचा वाटा काढता, तसा सोडवणारीचा एक छोटा वाटा काढा आणि तिच्या हातात पैसे द्या, आठवड्याला कितीही असू देत. भाकरी वाढणाऱ्या बायकांचं ओझं पण कमी होईल, त्यांनी तक्रार केली नसेल पण मला माहीत आहे आळीपाळी कशी मोडते ती. सरदारचा पण वाटा धरा म्हटलं तर हसाल, पाणमांजरानं एक जाळं फाडलं तर किती जातात ते आधी मोजा मग हसा. पाणमांजराला मारू नका हं, कायद्यानं राखलेलं आहे ते, भुंकून पळतंय तेवढं पुरे.

आधार, पेन्शनचं घाईनं काढू नका. रुळली की एखाद्या बाईनं बसून विचारायचं, कार्ड होतं का, हरवलं का. आधी निघालेलं असेल तर बोटाच्या ठशावरनं सापडतंय. नसेलच तर ग्रामपंचायत अध्यक्षांचा सही-शिक्क्याचा पत्त्याचा दाखला आधारला चालतो, तिथनं पुढं पेन्शनसाठी नाडकचेरी, म्हणजे होबळीचं महसूल ऑफिस. नको म्हणाली तर विषय बंद. जत्रा आली आणि निघाली तरी अडवू नका, फक्त सरदारला एवढं चालवणार नाही म्हणून एखाद्या टेम्पोवाल्याला सांगून ठेवा. आणि दरवर्षी २१ जानेवारीला वचनकार अंबिगर चौडय्यांच्या फोटोला हार घालता ना, तेही होडीवालेच होते, पुढच्या वेळी मावशीला पण बोलवा जेवायला.

प्रश्न : आमच्या दारात फिरस्ते लोक येतात, बरोबर कुत्री असतात, परवा एकानं माझ्या लेकीचा हात चाटला. सासूबाई म्हणतात आता पोटात चौदा इंजेक्शनं. खरंच घ्यायची का?
— एक वहिनी, रायबाग

अक्का : वहिनी, सासूबाईंचा जमाना गेला, आता पोटात देत नाहीत, दंडात देतात आणि तीही चार-पाच वेळाच. हातावर जखम, ओरखडा काही नसेल आणि नुसतंच चाटलं असेल तर साबणानं हात धुवा, बास. कातडी फाटलेली असेल, तोंडाला-डोळ्याला लाळ लागली असेल किंवा चावलं असेल तर वाहत्या पाण्याखाली साबणानं घड्याळ लावून १५ मिनिटं धुवायचं, हळद-चुना-तिखट काही भरायचं नाही, आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना. कुत्र्याला बघूया दहा दिवस काय होतंय म्हणून घरात बसू नका, लस सुरू करून मग बघा. आणि त्या फिरस्त्यांच्या कुत्र्यांना हाकलून रोग जात नाही ओ, लस दिल्यानं जातो. २८ सप्टेंबरला रेबीज दिवस असतो, त्या सुमाराला बऱ्याच गुरांच्या दवाखान्यांत फुकट टोचतात, तेव्हा दारात कोणी असेल तर कळवा त्यांना. (वरच्या होडीवाल्या अण्णांनी पण हे वाचावं, सरदारचं राहिलं असेल तर.)

प्रश्न : अक्का मी निपाणीत कॉलेजला आहे. आमच्या गावच्या घाटावर पण अशीच एक आजी कुत्रीला घेऊन राहतीया, होडीवाले जेवण देतात. मी तिच्यावर रील करून क्यूआर कोड टाकला तर पैसे जमतील ना? मैत्रिणी म्हणतात व्हायरल होईल.

अक्का : होईल गे, तेच भ्या आहे. एकटी बाई रात्री कुठं झोपते ते तू सगळ्या मुलखाला सांगणार. ती घरातनं का निघाली ते तुला माहीत आहे का? कुणापासनं निघाली ते? पैसे जमवायचेच असतील तर तुमच्या घाटावरच्या त्याच होडीवाल्यांना विचार काय कमी पडतंय, बहुतेक ते म्हणतील ताडपत्री, पोती, कुत्रीच्या औषधाचे दोन-तीनशे. एवढं तुमच्या वर्गातच जमतंय, क्यूआर कशाला. आणि आजीला रीलचं विचारलंस का? पत्रात तरी लिहिलेलं नाहीस. जा, आधी विचारून ये, जाताना कुत्रीला दोन उकडलेली अंडी घेऊन जा.