हद्दपार, निर्वासित की परागंदा?

पुण्यातल्या आपल्या फिल्म क्लबच्या पत्रकासाठी आपण विचारलंत की 'जोसेप' (२०२०) या ॲनिमेशनपटाच्या नायकाला, चित्रकार जोसेप बार्तोलीला, हद्दपार म्हणावं, निर्वासित की परागंदा.

हद्दपार नकोच. हद्दपारीला हुकूम लागतो, तो काढणारी सत्ता लागते, बहुधा मुदतही असते. 'सराईत गुन्हेगार पुणे जिल्ह्यातून दोन वर्षांसाठी तडीपार' अशा बातम्या आपण वाचतो, त्यातलाच हा प्रकार. बार्तोलीला असा हुकूम कुणी बजावला नव्हता. बार्सिलोनाचा हा माणूस स्पेनच्या यादवीत जनरल फ्रँकोच्या बंडखोर सैन्याविरुद्ध लढला, त्याची बाजू हरली, आणि १९३९च्या फेब्रुवारीत लाखो लोकांबरोबर तो सरहद्द ओलांडून फ्रान्सात गेला. मागे राहणाऱ्यांच्या नशिबी तुरुंग होता, नाहीतर गोळी.

अशा जाण्याला आपल्याकडे परागंदा होणं म्हणतात. मूळ फारसी शब्दाचा अर्थ 'विखुरलेला'. मराठीत तो दुष्काळानं, कर्जानं किंवा सत्तेच्या जाचानं मुलूख सोडणाऱ्यांना लागला. क्रियापद पाहा: हद्दपार 'करतात', परागंदा मात्र माणूस 'होतो', आणि बहुतेक वेळा 'व्हावं लागलं' असंच आपण म्हणतो. जाणारा स्वतःच्या पायांनी जातो, पण मर्जीनं नाही, हे त्यात नेमकं येतं. मला हा शब्द फार मोलाचा वाटतो. वापरात राहिला पाहिजे.

निर्वासित म्हणजे व्युत्पत्तीनं बाहेर घालवलेला. पण फाळणीनंतर सिंधी कुटुंबं पिंपरीच्या छावणीत आली, तेव्हापासून या शब्दाबरोबर छावणी, शिधा आणि सरकारी नोंद डोळ्यांपुढे येते. सरहद्द ओलांडल्यावर फ्रेंच सरकारनं छावण्यांत, तारांमागे डांबलेला बार्तोली या अर्थानं निर्वासितच.

एक न विचारलेली गोष्टही सांगतो. पत्रकातला 'छळछावणी' हा शब्द बदला. त्यानं मराठी वाचकाला थेट नाझी आठवतात. हे तळ फ्रेंच प्रजासत्ताकानं, जर्मनांनी फ्रान्स जिंकण्याआधीच उभारले होते. काही तर समुद्रकाठच्या उघड्या वाळूवर होते. थंडीनं, भुकेनं, आजारानं तिथे माणसं मेली. बार्तोलीनं ते सारं रेखाटलं आणि १९४४मध्ये मेक्सिकोत ती चित्रं पुस्तकरूपानं निघाली. नुसतं 'छावण्या' लिहून कुणाच्या, ते सांगितलं तर वाचक चुकणार नाही.

म्हणून वाक्य असं करा: 'स्पेनच्या यादवीत परागंदा व्हावं लागलेला आणि फ्रेंच सरकारच्या छावण्यांत डांबला गेलेला चित्रकार.'