जुन्या वाड्यातलं छोटं संग्रहालय अपंगांसाठी सोयीचं करायचं आहे, पैसे कमी आहेत. सुरुवात कुठून करू?

उंबऱ्यापासून. रॅम्पचा साधा हिशेब १:१२, म्हणजे सहा इंचांच्या पायरीला सहा फूट लांबी. जागा नाही म्हणून लोक तीन फुटांत उरकतात. अशाच एका रॅम्पवर माझ्या आत्याची व्हीलचेअर आम्ही दोघांनी मागून रेटली, उतरताना तर ती डोळे मिटूनच बसली होती! वाड्याच्या दगडाला भोकं न पाडता, उचलून ठेवता येईल असा लाकडी रॅम्प सुताराकडून करून घ्या. वर घसरू नये म्हणून खरखरीत पट्टी हवीच. दाराची मोकळी रुंदी ९० सेंमी असेल तर उत्तम.

पण व्हीलचेअर म्हणजेच अपंगत्व नव्हे. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात ‘अनुभव’ नावाचं दालन आहे, तिथे मूर्तींच्या प्रतिकृती हाताने चाचपून बघता येतात. तुमच्याकडे जातं, पाटा-वरवंटा, पितळी घंगाळ असेलच. त्यातल्या दणकट वस्तूंवरची ‘हात लावू नये’ पाटी काढा. माहितीफलक मोठ्या अक्षरात आणि बसलेल्या माणसाच्या नजरेच्या टप्प्यात लावा.

वरचा मजला राहिलाच तर खाली टॅबवर त्याचा व्हिडिओ दाखवा, मराठी सबटायटल्ससकट. आणि हो, स्वच्छतागृहाचं दार बाहेर उघडणारं करा.