लेन्स गेलीये की नुसती मळलीये?

दिवाळीची आवराआवर सुरू झाली की माळ्यावरनं व्हिडिओ गेमचे जुने कन्सोल खाली उतरतात आणि लगेच माझ्याकडे प्रश्न यायला लागतात. यावेळचे जवळपास सगळे डिस्क वाचणाऱ्या लेझरचेच आहेत. आपल्याकडे अख्ख्या पिकअपलाच (लेझर, लेन्स आणि त्यांचा सांगाडा मिळून) लेन्स म्हणतात, म्हणून मीही तसंच लिहितोय.

प्रश्न (कोथरूड): बाबांनी १९९७ ला दुबईहून आणलेला पीएस-वन (सोनीचा पहिला प्लेस्टेशन) आहे. लोगो येतो, पण सुरुवातीचा व्हिडिओ अडखळतो, आवाज तुटतो. कन्सोल उलटा ठेवला की मस्त चालतो! दुकानदार म्हणतो लेन्स गेली. बदलू का?

थांबा जरा. उलटा ठेवल्यावर चालतो म्हणजे लेझर डायोड (लेझरचा किरण सोडणारा भाग) जिवंत आहे हे तुम्हीच सिद्ध केलंत की, मेलेला डायोड काही शीर्षासन करून उठत नाही. भानगड मेकॅनिझममध्ये आहे. लेन्सचा सांगाडा रेलवरून आतून बाहेर सरकत जातो आणि सुरुवातीच्या मॉडेलमध्ये तो प्लास्टिकचा होता, घासून घासून झिजतो, मग लेन्स एका बाजूला किंचित कलते. किंचित म्हणजे किती, तर सीडीवरच्या दोन ट्रॅकमधलं अंतर १.६ मायक्रॉन असतं, केसाच्या जाडीत असे चाळीसेक ट्रॅक आरामात बसतील, तिथे एवढासा कलही पुरतो. उलटा ठेवला की वजन दुसरीकडून पडतं आणि तात्पुरतं जमून जातं. त्यात पॉवर सप्लाय लेन्सच्या शेजारीच, तो तापतो, म्हणून अर्ध्या तासाने त्रास वाढतो. नंतरच्या मॉडेलमध्ये सोनीने लेन्स तिथून लांब हलवली.

व्हिडिओच का अडखळतो? गेमची लेव्हल लोड होताना एखादा तुकडा वाचता आला नाही तर कन्सोल परत वाचतो, तुम्हाला फक्त लोडिंग जरा लांबल्यासारखं वाटतं. व्हिडिओला मात्र सेकंदाला साधारण ३०० किलोबाइट सलग लागतात, मागे फिरायला वेळच नसतो, म्हणून दुखणं पहिल्यांदा तिथे दिसतं.

आता करायचं काय. प्लग काढा, दहा मिनिटं थांबा (पॉवर सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, तिथे बोट नको), मग उघडा. रेलवरचं जुनं ग्रीस आता मधासारखं चिकट झालेलं असेल आणि त्यात धूळ बसलेली, ते कापसाच्या काडीने पूर्ण पुसून काढा, नवीन सिलिकॉन ग्रीस अगदी तांदळाच्या दाण्याएवढं लावा, आणि सांगाडा हाताने पुढे-मागे सरकवून कुठे अडतोय का बघा. लेन्ससाठी ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, काडी भिजवून झटकायची, मधून बाहेर असं एकदाच हलक्या हाताने फिरवायचं. थिनर, अॅसिटोन अजिबात नको, लेन्स प्लास्टिकची असते, पांढरी पडते. पुसायच्या आधी टॉर्च तिरका धरून बघा, परवा एक कन्सोल आला होता, देवघराच्या खालच्या कप्प्यात वीस वर्षं, उदबत्तीच्या धुराचा पिवळट थर लेन्सवर असा बसलेला की काडी चहासारखी झाली. एवढं करूनही अडखळला तर मग मेकॅनिझमच बदला. केएसएम-४४० हा नंबर शोधायचा, पण पुढची अक्षरं आणि पट्टीचा (चपट्या वायरचा) कनेक्टर जुन्याशी जुळवूनच घ्या.

प्रश्न (सिंहगड रोड): व्हिडिओत बघितलं की लेन्सच्या बाजूचा छोटा स्क्रू फिरवला की डिस्क वाचायला लागते. किती फिरवू?

शून्य. निदान आज तरी. हा जो स्क्रू आहे ना तो प्रीसेट, म्हणजे बारीक व्हेरिएबल रेझिस्टर, तो लेझरचा करंट ठरवतो. कॉलेजात असताना मी माझा कन्सोल पेठेतल्या एका दुकानात दिला होता, त्याने दोन मिनिटांत 'सेटिंग' करून दिलं, दोनशे रुपये घेतले, घरी येऊन इतका भारी चालला की मित्रांना बोलावून दाखवला. चौथ्या महिन्यात ठार. उघडून बघितलं तर लेन्सवर धूळ तशीच! त्याने मळलेल्या काचेतून दिसेना म्हणून दिव्याचा व्होल्टेज वाढवला होता, बाकी काही नाही. करंट वाढला की डायोड झपाट्याने म्हातारा होतो आणि गेलेलं आयुष्य प्रीसेट उलटा फिरवून परत येत नाही.

सफाई झाली, ग्रीस झालं, डिस्क चांगली आहे हे दुसऱ्या कन्सोलवर बघून झालं, आणि तरीही वाचत नाही, तरच प्रीसेटकडे जायचं. आधी मोबाइलवर अगदी जवळून फोटो काढा, बारीक मार्करने खूण करा, कन्सोल बंद ठेवून मल्टिमीटरने रेझिस्टन्स मोजून वहीत लिहा. मग घड्याळाच्या मिनिट काट्याची एक मिनिटाची सरक असते ना, तेवढंच फिरवायचं, परत मोजायचं, चालवून बघायचं. कुठल्या दिशेने वाढतं ते मॉडेलप्रमाणे बदलतं, म्हणून डोळ्यांवर नाही, मीटरवर विश्वास ठेवा. दोन-तीन सरकांत फरक पडला नाही तर मूळ आकड्यावर परत आणा आणि सोडून द्या.

खरं कॅलिब्रेशन ऑसिलोस्कोपवर, म्हणजे सिग्नलची लाट पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रावर होतं. बोर्डवर आरएफचा (लेन्सने डिस्कवरून वाचलेल्या सिग्नलचा) टेस्ट पॉइंट असतो, तिथे प्रोब लावला की हिऱ्याच्या आकाराच्या चौकटींची जाळी दिसते, ती स्वच्छ आणि उंचीला साधारण एक व्होल्ट असली की समजायचं लेन्सला नीट दिसतंय. जाळी धूसर असेल तर फोकस किंवा कल, बुटकी असेल तर घाण किंवा दमलेला डायोड. सुरुवातीच्या पीएस-वनच्या बोर्डवर फोकस आणि ट्रॅकिंगचे वेगळे प्रीसेट आहेत, नंतरचे कन्सोल ते स्वतःच जुळवतात, त्यामुळे तुमच्या मॉडेलवर नसतील तर शोधत बसू नका. आणि हो, झाकण उघडं ठेवून चालवताना लेन्समध्ये डोकावायचं नाही. सीडीचा लेझर ७८० नॅनोमीटरचा, जेमतेम लालसर ठिपका दिसतो म्हणून वाटतं काय एवढं, पण डोळ्याला जो दिसत नाही तोच जास्त धोक्याचा.

प्रश्न (हडपसर): सर, ऑनलाइन नवीन लेन्स मागवली, बसवली, डिस्क फिरतसुद्धा नाही. जुनी निदान फिरायची तरी. फसवलं का मला?

फसवलं असेलही, पण परत पाठवायच्या आधी लेन्सच्या छोट्या बोर्डवर बघा, दोन पॉइंट जोडणारा सोल्डरचा एक थेंब दिसतो का? स्टॅटिक विजेने डायोड उडू नये म्हणून फॅक्टरीत तो मुद्दाम शॉर्ट करून पाठवतात. बसवताना पट्टी लावायची आणि मग तो थेंब काढायचा, बारीक टोकाचं सोल्डरिंग आयर्न आणि डीसोल्डर विक (सोल्डर शोषून घेणारी तांब्याची जाळीदार पट्टी), दोन सेकंदांचं काम. पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सच्या टापकीर गल्लीत विक मिळून जाईल. हे कुणी सांगत नाही, म्हणून कितीतरी धडधाकट लेन्स कचऱ्यात गेल्यात. काम करताना हात आधी एखाद्या अर्थिंग असलेल्या धातूला लावा, हिवाळ्यात पुण्याची हवा कोरडी असते तेव्हा तर नक्कीच.

प्रश्न (चिंचवड): जाडा पीएस-टू, निळ्या डिस्क वाचतो, चंदेरी नाही. अर्धी लेन्स जाते का?

जाते की! निळ्या म्हणजे सीडी, चंदेरी म्हणजे डीव्हीडी, आणि त्या लेन्सच्या पोटात दोन लेझर आहेत, सीडीसाठी ७८० आणि डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटरचा. म्हणून प्रीसेटही दोन. तुमचा डीव्हीडीवाला दमलाय किंवा कल बिघडलाय. जाड्या मॉडेलमध्ये रेलच्या बाजूला एक पांढरं दातेरी चाक असतं, ते कल बदलतं. त्याची आत्ताची जागा मार्करने खुणावून एकेक दाता सरकवून बघा, प्रीसेटपेक्षा हे सुरक्षित, चुकलं तर परत खुणेवर आणता येतं. कॉपी डिस्क चालाव्यात म्हणून चिप मारलेला असेल आणि आयुष्यभर कॉपी डिस्क खाल्ल्या असतील तर डायोड खरंच थकला असणार, कारण राइट केलेल्या डिस्कवर लेझरला जास्त मेहनत पडते.

प्रश्न (बाणेर): अमेरिकेतल्या मावसभावाने सेगाचा ड्रीमकास्ट कन्सोल दिलाय. गेम चालू असताना मध्येच मेन्यूवर येतो. लेझर?

बहुतेक नाही. ड्रीमकास्टचा पॉवर सप्लाय बोर्डावरच्या उभ्या पिनांवर नुसता टोचून बसतो, त्या पिना काळवंडल्या की व्होल्टेज पडतो आणि कन्सोल रिसेट होतो. सप्लाय वर उचला, पिना आयसोप्रोपिलने पुसा, अगदी किंचित वाकवून घट्ट करा. पण त्याच्याही आधी एक गोष्ट, तो १२० व्होल्टचा आहे आणि आपल्याकडे २३०, स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावलाय ना? नसेल तर प्लग आत्ताच काढा, प्रश्न नंतर विचारा.

प्रश्न (कसबा पेठ): काका, टूथपेस्ट घासली तर सीडीचे चरे जातात का?

खालचे बारीक चरे थोडे जातात, १.२ मिलिमीटरच्या प्लास्टिकवरच असतात ते. घासायचं आतून बाहेर, गोल नाही. पण लोक खालची बाजू जपतात आणि चित्राची बाजू टेबलावर घासतात, सीडीचा डेटा तर त्या चित्राच्या लगेच खाली असतो, वर नुसता लाखेचा पातळ थर. डिस्क ट्यूबलाइटसमोर धर, टाचणीच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके आरपार दिसले तर तिथला डेटा गेला, आणि त्याला ना टूथपेस्ट चालते ना नवी लेन्स.