उंची सहा फूट दोन इंच, पुढे काय?

प्रश्न : माझा मुलगा अकरावीत विज्ञान शाखेत आहे. वय सोळा पूर्ण, उंची सहा फूट दोन इंच. पाच वर्षांपासून तो घराजवळच्या मैदानावर बास्केटबॉल खेळतो आणि गेल्या वर्षी शालेय स्पर्धेत नागपूर विभागाकडून राज्य पातळीवर खेळला. आता त्याला व्यावसायिक खेळाडूच व्हायचे आहे. त्याच्या वडिलांचे म्हणणे असे, की हा खेळ पोटाला लावणारा नाही. कोचिंग क्लासची फी भरून झाली आहे आणि क्लास व सराव यांची सायंकाळची वेळ एकच आहे. आम्ही काय करावे?
— एक आई, त्रिमूर्तीनगर, नागपूर

उत्तर : ताई, आपल्या यजमानांचे म्हणणे निम्मे खरे आहे. बास्केटबॉलवर घर चालवणारे खेळाडू आपल्या देशात आहेत, मात्र ते बहुतेक सगळे नोकरदार आहेत. भारतीय रेल्वे, सेनादल, ओएनजीसी, इंडियन ओव्हरसीज बँक, पंजाब पोलीस, केरळचे वीज मंडळ हीच नावे मोठ्या स्पर्धांच्या गुणफलकावर वर्षानुवर्षे दिसत आली आहेत. भारतीय संघाचे अनेक वर्षे नेतृत्व केलेले आणि २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळवलेले विशेष भृगुवंशी हेही ओएनजीसीचेच. निव्वळ लीगच्या मानधनावर जगण्याची सोय अजून कच्ची आहे. २०१५ साली सुरू झालेली यूबीए ही व्यावसायिक बास्केटबॉल लीग २०१७ नंतर चाललीच नाही, आणि इंडियन नॅशनल बास्केटबॉल लीगच्या २०२२-२३ च्या पहिल्या हंगामात सहा शहरांचे संघ होते, त्यांत महाराष्ट्राचा एकटा मुंबईचा. तेव्हा ‘व्यावसायिक’ या शब्दाचा इथला अर्थ खेळाच्या जोरावर मिळालेली आणि खेळत राहण्याची मुभा देणारी नोकरी असा घ्यावा, म्हणजे घरातला निम्मा वाद मिटेल.

मुलाच्या डोळ्यांसमोर बहुधा एनबीए, म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक लीग, असेल. पंजाबातला सात फूट दोन इंचांचा सतनाम सिंग २०१५ मध्ये डॅलस मॅव्हरिक्सने ५२व्या क्रमांकावर निवडला. एनबीएच्या ड्राफ्टमधून, म्हणजे संघांनी नवे खेळाडू निवडण्याच्या वार्षिक फेरीतून, निवडला गेलेला तो पहिला भारतीय. प्रत्यक्ष एनबीएच्या सामन्यात मात्र तो कधीच उतरू शकला नाही. अमृतपाल सिंगने तर विशीच्या उंबरठ्यावर हा खेळ हाती घेतला आणि तो जपानमध्ये व पुढे ऑस्ट्रेलियात सिडनी किंग्जकडून खेळला. ही उदाहरणे मुलाला जरूर सांगावीत, पण दोघेही चांगलेच उंच, रिंगखाली खेळणारे, हेही त्याबरोबर सांगावे.

खरी काळजीची गोष्ट इथेच आहे. सोळा वर्षांचा सहा फूट दोन इंचांचा मुलगा शालेय संघात सर्वांत उंच ठरतो, म्हणून त्याला रिंगखाली पोस्टवर उभे केले जाते. रिबाउंड (रिंगवरून परतलेला चेंडू) घ्यायचा, वळायचे, चेंडू टाकायचा, एवढेच तो चार वर्षे करतो आणि सामने जिंकूनही देतो. पुढे वरिष्ठ गटात गेल्यावर त्याला कळते, की या उंचीचे खेळाडू तिथे गार्ड म्हणून, म्हणजे रिंगपासून दूर राहून चेंडू हाताळत, खेळतात आणि पोस्टवर त्याच्याहून वीतभर उंच माणूस उभा आहे. तोवर चेंडू हाताळण्याचे वय निघून गेलेले असते. विदर्भातली कितीतरी गुणी मुले मी अशी एकोणिसाव्या वर्षी थांबलेली पाहिली आहेत, आणि त्यात दोष मुलांचा नव्हता.

एक साधी परीक्षा घ्यावी. मुलाला उजवा हात पाठीमागे धरायला सांगून केवळ डाव्या हाताने, मान वर ठेवून, मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, म्हणजे २८ मीटर, ड्रिबल करत (चेंडू जमिनीवर आपटत) जायला सांगावे. समोर एक बचाव करणारा मुलगा असावा. मग ६.७५ मीटरच्या तीन गुणांच्या रेषेबाहेरून शंभर चेंडू टाकायला लावून वहीत आकडा लिहावा. पहिल्या कामात चेंडू सुटत असेल आणि दुसऱ्यात तीसही पडत नसतील, तर पुढची दोन वर्षे त्याने सामन्यांपेक्षा या दोन गोष्टींवर घालवावीत. प्रशिक्षकांना तसे स्पष्टपणे सांगण्याचा संकोच करू नये.

आता नोकरीचे गणित. रेल्वेच्या क्रीडा कोट्यात वयाची मर्यादा १८ ते २५ असते आणि तिला सवलत नसते. भरतीच्या जाहिरातींत १०० गुणांची विभागणी अशी दिसते : चाचणीतील कौशल्य व तंदुरुस्ती ४०, मान्यताप्राप्त स्पर्धांतील कामगिरी ५०, शिक्षण १०. चाचणीत ४० पैकी किमान २५ गुण पडल्याशिवाय उमेदवाराचा पुढे विचारच होत नाही. शालेय राज्यस्पर्धेचे प्रमाणपत्र तिथे पुरत नाही, त्यासाठी राष्ट्रीय पातळीवरची कामगिरी हवी. शिवाय सामान्यतः चालू आणि त्याआधीच्या दोन आर्थिक वर्षांतील कामगिरीच धरली जाते. माझ्या बरोबरीच्या एका फॉरवर्डने अठराव्या वर्षी कनिष्ठ राष्ट्रीय स्पर्धेत पदक मिळवले, प्रमाणपत्र लॅमिनेट करून घेतले आणि अभियांत्रिकीच्या नादात चार वर्षे मैदानाकडे पाठ फिरवली. बाविसाव्या वर्षी तो निवड चाचणीला आला तेव्हा ते प्रमाणपत्र तसेच चकचकीत होते, पण फाइल तपासणाऱ्या लिपिकाने त्यावरची तारीख पाहून ते शांतपणे बाजूला ठेवले.

राज्य शासनाच्या नोकऱ्यांत गुणवत्ताधारक खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. त्यासाठी विभागीय क्रीडा उपसंचालक कार्यालयाकडून प्रमाणपत्राची पडताळणी करून घ्यावी लागते. हे काम जाहिरात निघाल्यावर नव्हे, तर प्रमाणपत्र हाती येताच उरकावे.

म्हणून शिक्षण सोडू देऊ नका. बारावीनंतर तो राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या कोणत्याही महाविद्यालयात गेला, तरी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतून विद्यापीठ संघाचे आणि तिथून पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेचे दार उघडे राहते. क्लासची तुकडी बदलून मिळते का, ते विचारावे. न मिळाल्यास सराव पहाटे साडेपाचला ठेवावा. मे महिन्यात आपल्याकडे सिमेंटच्या कोर्टवर सकाळी आठनंतर उभे राहणे तसेही शहाणपणाचे नाही.

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे आणि चांगली खेळते. मुलींना यात भवितव्य आहे का? अमेरिकेत शिष्यवृत्ती मिळते, असे ऐकले.
— एक वडील, मानेवाडा, नागपूर

उत्तर : नोकरीचा विचार केला, तर मुलींची वाट मुलांपेक्षा अधिक मळलेली आहे, कारण महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धांत रेल्वेचा दबदबा दीर्घकाळ राहिला आहे. दक्षिण रेल्वेच्या गीतू अ‍ॅना जोस ऑस्ट्रेलियात व्यावसायिक बास्केटबॉल खेळून आल्या, तर पुण्याच्या शिरीन लिमये भारतीय संघाच्या कर्णधार झाल्या. हे दाखले मुलीच्या खोलीत चित्र लावण्याइतके जवळचे आहेत.

अमेरिकेतील शिष्यवृत्तीबाबत पालक एक गोष्ट उशिरा शोधतात. तिथल्या एनसीएए या महाविद्यालयीन क्रीडा संघटनेच्या पहिल्या श्रेणीत खेळण्यासाठी नववी ते बारावीतील सोळा मुख्य विषयांचे गुण पाहिले जातात, म्हणजे आपल्या मुलीचा हिशेब या वर्षापासूनच सुरू झाला आहे. नववीच्या गुणपत्रिका जपून ठेवा. सामन्यांचे चित्रीकरण मात्र पूर्ण सामन्याचे असावे, कारण निवडक बास्केट जोडून केलेल्या चित्रफितीत बचाव दिसत नाही, आणि प्रशिक्षक आधी तोच पाहतात.

प्रश्न : वय २४. गुडघ्याच्या एसीएल लिगामेंटची शस्त्रक्रिया होऊन चार महिने झाले. सहा महिन्यांनी निवड चाचणी आहे. खेळू का?
— एक खेळाडू, नागपूर

उत्तर : या शस्त्रक्रियेनंतर स्पर्धात्मक खेळाकडे परतायला साधारण नऊ महिने ते वर्ष लागते. चाचणीच्या वेळी आपले दहा महिने झालेले असतील, म्हणजे आशा आहे, पण निर्णय तारखेवरून घेऊ नये. एका पायावर उडी मारून उतरताना दुखऱ्या पायाचे बळ चांगल्या पायाच्या जवळपास आले आहे का, ते फिजिओथेरपिस्टकडून मोजून घ्यावे आणि शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांची परवानगी लेखी घ्यावी. २५ ची मर्यादा डोक्यावर असल्यामुळे घाई करावीशी वाटते, हे मी समजू शकतो. त्याच वेळी दुसरी फाइलही उघडून ठेवा : अमरावतीला श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शारीरिक शिक्षणाचे अभ्यासक्रम आहेत, पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत प्रशिक्षणाचा डिप्लोमा करता येतो, आणि पंचांच्या परीक्षेची चौकशी जिल्हा संघटनेकडे आजच करता येईल. शिट्टी हाती घेतलेला खेळाडू खेळणे सोडतोच असे नाही; माझ्या ओळखीतले दोघे सकाळच्या सत्रात पंच असतात आणि संध्याकाळी स्वतः मैदानात उतरतात.