रिनेम झालं, ग्रुप मात्र जुन्याच नावावर

तुमची पोस्ट वाचून पोटात गोळाच आला. पीएचपीचं एलडॅप_रिनेम (एलडॅप डिरेक्टरीत, म्हणजे माणसं आणि ग्रुपांच्या मध्यवर्ती नोंदवहीत, नोंदीचं नाव बदलणारं फंक्शन) ट्रू देतंय, नोंदीचं नाव बदललेलं दिसतंय, पण माणसं ग्रुपमधून गायब. अगदी हेच मी भोगलंय.

बाइंड (सर्व्हरवर लॉगिन), प्रोटोकॉलचं व्हर्जन ३ वगैरे सोडून देतो. ते चुकलं असतं तर ट्रू आलंच नसतं.

फंक्शन खोटं बोलत नाहीये. ते त्या नोंदीचा डीएन (डिरेक्टरीतला पूर्ण पत्ता) बदलतं, बस. ग्रुपच्या 'मेंबर'मध्ये लिहिलेला जुना डीएन तसाच पडून राहतो. मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत ही जोडणी सर्व्हर स्वतः सांभाळतो; ओपनएलडॅप या सर्व्हरमध्ये रेफइंट ओव्हरले (असे जुने डीएन आपोआप बदलणारी जोडणी) लावलेला असेल तरच. मी चाचणी घेतली पहिल्यावर, स्क्रिप्ट चालवली दुसऱ्यावर. तीही शुक्रवारी संध्याकाळी!

एकाच नावाची दोन माणसं आली म्हणून चारेकशे नोंदी 'सीएन=नाव'वरून 'यूआयडी=लॉगिन'वर न्यायच्या होत्या. (पाचवा पॅरामीटर, म्हणजे जुनं नाव पुसायचं का, इथे फॉल्स ठेवा. ट्रू दिलात तर जुना सीएन पुसायला जातो, आणि तो एकच असेल तर एरर ६५, कारण आयनेटऑर्गपर्सन या नोंदीच्या प्रकाराला सीएन लागतोच.) सोमवारी व्हीपीएनमध्ये कुणीच शिरेना, कारण तो ग्रुपच्या 'मेंबर'मधला डीएन बघतो. लिनक्सचे ग्रुप मात्र ठणठणीत, कारण त्यांच्या मेंबरयूआयडी या रकान्यात नुसतं लॉगिन असतं, डीएन नसतो. त्यामुळे अर्धा दिवस आम्ही व्हीपीएनच्या नावाने बोटं मोडत बसलो.

पण खरी घोडचूक वेगळीच. कोणता जुना डीएन कोणत्या नव्याचा, ही यादी मी कुठेच ठेवली नव्हती. रिनेमच्या आधी एक ओळ फाइलीत लिहायची, एवढंच काम. शेवटी शुक्रवार दुपारचा, ओपनएलडॅपच्या स्लॅपकॅट कमांडने घेतलेला बॅकअप सापडला. एंट्रीयूयूआयडी (प्रत्येक नोंदीचा स्वतंत्र ओळख क्रमांक) रिनेमनंतरही बदलत नाही, त्याच्यावरून जुनं-नवं जुळवलं आणि सगळे ग्रुप पुन्हा लिहिले. दोन रात्री गेल्या.

रेफइंट लावून द्या म्हणून सर्व्हर सांभाळणाऱ्या विभागाकडे गेलो, तर उत्तर काय? 'तुमच्या फंक्शनने ट्रू दिलंय ना, मग आमच्याकडे अडचण नाही.' वर फॉर्म परत, 'विनंतीचा प्रकार' रकाना रिकामा म्हणून. तीन आठवडे! असो.

माझं मत विचाराल तर रेफइंट लागल्याशिवाय एकही नोंद हलवू नका. मात्र तो मागचं निस्तरत नाही, आधीच तुटलेले मेंबर हातानेच दुरुस्त करावे लागतील. तुमचा सर्व्हर कोणता ते तुम्ही लिहिलेलं नाही, तेव्हा हे सगळं ओपनएलडॅप धरून सांगतोय.

आणि हो, नावात स्वल्पविराम असेल तर नवा आरडीएन (डीएनचा पहिला तुकडा) जोडण्याआधी ते नाव एलडॅप_एस्केप या विशेष चिन्हं सुरक्षित करणाऱ्या फंक्शनमधून काढा, तिसऱ्या जागी एलडॅप_एस्केप_डीएन देऊन. फिल्टरवालं (शोधासाठीचं) देऊ नका, ती चूकही माझी करून झालीय.