पंक्चरचं सोल्यूशन आणि थरथरता हात

प्रश्न : माझ्या बहिणीचा मुलगा १५ वर्षांचा. आई-बाप ऊसतोडीला जातात, म्हणून तो आमच्याकडं असतो. वर्षभर पंक्चरच्या दुकानात जातोय. तिथलं सोल्यूशन रुमालावर घेऊन हुंगतो, हे मला आत्ता कळलं. चहाचा कप धरताना हात थरथरतो, सांगितलेलं लगेच विसरतो. मालक म्हणतो, पोरगं कामचुकार झालंय. सोडलं की हे जाईल का?
– एक मावशी, परभणी

उत्तर : ताई, लेकरू कामचुकार नाही, आजारी आहे. अशा सोल्यूशनमध्ये, थिनरमध्ये बहुधा टोल्युइनसारखं रसायन असतं. ते चरबीत सहज मुरतं, आणि मेंदूत चरबी भरपूर. मेंदूतल्या तंतूंवर चरबीचंच आवरण असतं. हुंगणं चालू राहिलं की ते खराब होतं, निरोप पोचायला उशीर लागतो. त्यातून विसराळूपणा, जड जीभ. डोक्याच्या मागच्या भागात तोल सांभाळणारा ‘लहान मेंदू’ असतो, त्याला इजा झाली की हात हलतो, तोल जातो.

माझ्याकडं लातूरला २३ वर्षांचा एक मुलगा आला होता. सात वर्षं हुंगत होता. शर्टाचं बटण आई लावून द्यायची. हुंगणं सुटून दीड वर्ष झालं, आता बोलणं स्पष्ट आहे. हात मात्र अजून थरथरतो. तुमच्या भाच्याचं एकच वर्ष गेलंय. आत्ता थांबला तर बरंच भरून येऊ शकतं. म्हणून त्या दुकानात उद्यापासून पाठवू नका.

त्याला विचारा, तळपाय बधिर होतात का? काही सोल्यूशनमध्ये हेक्झेन असतं, त्यानं हातापायांच्या नसा बिघडतात. हुंगणं थांबवल्यावरही हा त्रास काही आठवडे वाढू शकतो. ‘सोडल्यानंच बिघडलं’ असं त्याला वाटेल. त्या दिवसांत त्याच्याजवळ राहा.

आणि हुंगताना सापडला तर ओरडू नका, मागं धावू नका. त्या वेळी हृदय फार नाजूक असतं. अचानक घाबरला तर ठोके बिघडून जागीच जीव जाऊ शकतो. शांतपणे मोकळ्या हवेत न्या. बेशुद्ध झाला तर लगेच १०८ ला फोन करा.

मेंदूविकार आणि मानसोपचार, दोन्ही डॉक्टरांना दाखवा. सरकारच्या १४४४६ या व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर फोन फुकट लागतो. जाताना सोल्यूशनची ट्यूब किंवा डबी सोबत न्या, त्यावर काय छापलंय ते डॉक्टरांना बघू द्या.