गणपूर्ती, चाहूल आणि ‘नैसर्गिक प्रतिजैविक’ ही चूक

नागपुरातली सूक्ष्मजीवशास्त्राची एक विद्यार्थिनी विचारते: “लसूण, दालचिनी, हळद यांतले काही घटक जिवाणूंचं ‘कोरम सेन्सिंग’, म्हणजे आपली गर्दी किती झाली हे ओळखणं, बिघडवतात. त्यावर मराठीत लेख लिहिते आहे. या घटकांना ‘नैसर्गिक प्रतिजैविकं’ म्हणू का? आणि कोरम सेन्सिंगला मराठीत काय म्हणायचं?”

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: म्हणू नका. वनस्पतीतलं काहीही जिवाणूंच्या आड आलं की ‘नैसर्गिक प्रतिजैविक’, ही सवय आता वर्तमानपत्रांपासून पाठ्यपुस्तकांपर्यंत पसरली आहे आणि दर वेळी ऐकताना चीड येते. प्रतिजैविक जिवाणूला मारतं, नाहीतर त्याची वाढ थांबवतं. तुम्ही विचारताय ते घटक यातलं काहीच करत नसतानाही आपलं काम करतात. त्यांची सगळी गंमतच त्यात आहे.

माझ्या भाचीने हे मला तिच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत दाखवलं होतं. क्रोमोबॅक्टेरियम व्हायोलेसियम नावाचा जिवाणू बशीत दाट वाढला की जांभळा रंग धरतो. मधोमध लसणाच्या अर्कात भिजवलेली कागदाची चकती ठेवली होती. चकतीच्या अगदी लगत एक अरुंद कडं होतं, पारदर्शक, त्यातून खालचा ओटा दिसत होता. तिथे जिवाणू वाढलेच नव्हते. त्याच्या बाहेर मात्र दुसरं रुंद कडं होतं, पातळ ताकासारखं धुरकट. तिथे जिवाणू जिवंत होते, गर्दी करून होते, फक्त जांभळे झाले नव्हते. आपण किती जमलो आहोत हेच त्यांना कळलं नव्हतं.

‘जिवाणूंचा संवाद तोडणारे’ असंही लिहितात. तेही मला पटत नाही. संवादात कोणी विचारतो, कोणी उत्तर देतो. इथे प्रत्येक जिवाणू एक बारीकसा रेणू बाहेर सोडत राहतो. गर्दी वाढली की आसपास तो रेणूही वाढतो, आणि ठरावीक पातळी ओलांडली की सगळ्यांची तीच जनुकं एकदम जागी होतात. मग रंग, विष, चिकट थर, जे एकट्याने करून उपयोग नाही ते सगळं सुरू होतं. ही हजेरी आहे, गप्पा नव्हेत.

‘कोरम’, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, हा शब्द त्यासाठी १९९४ मध्ये फुक्वा, विनान्स आणि ग्रीनबर्ग यांच्या लेखातून रूढ झाला. विनान्स घरच्यांना हा प्रकार समजावत होते तेव्हा वकील असलेल्या त्यांच्या मेहुण्याच्या तोंडी तो आला, असं सांगतात. वकिलालाच सुचायचा तो. लॅटिनमध्ये ‘कोरम’ म्हणजे ‘ज्यांपैकी’. इंग्लंडात न्यायाधीशांच्या नेमणूकपत्रात ‘ज्यांपैकी तुम्ही एक असावं’ अशी ओळ असे, तिच्यातलं हे षष्ठीचं रूप सुटं होऊन नाम बनलं.

पण आपला शब्द याहून कितीतरी सरस आहे. सोसायटीच्या सभेत “कोरम झाला का जी?” असं विचारणारे आपण विधिमंडळात ‘गणपूर्ती’ म्हणतो. सिव्हिल लाइन्समधल्या विधानभवनात हिवाळी अधिवेशन भरतं तेव्हा हा शब्द रोज कानी पडतो. घटनेच्या १८९व्या अनुच्छेदाप्रमाणे दहा सदस्य किंवा एकदशांश, यांपैकी जास्त असेल ती संख्या. विधानसभेच्या २८८ जागांना २९. काही जाणकार मंडळी ‘गणपूर्ती’ला सरकारी कचेरीत पाडलेला बोजड तर्जुमा समजतात. त्यांनी महावग्ग, हा बौद्ध भिक्षूंच्या नियमांचा पाली ग्रंथ, उघडून पाहावा. भिक्षुसंघाच्या कामाला ठरलेली किमान संख्या लागे, कुठे चार, कुठे पाच, दहा, वीस; आणि ती पुरी करणाऱ्याला पालीत ‘गणपूरक’ हा शब्द तिथे आहे. डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ला संविधान सभेत हेच सांगितलं होतं की गणपूर्ती, प्रतोद, मतमोजणी यांचे नियम भिक्षुसंघांना ठाऊक होते. दीक्षाभूमीच्या गावात राहून या शब्दाला परका तर्जुमा म्हणावं, याचं मला खरोखर वाईट वाटतं. माझं मत स्पष्ट आहे: आपली ‘गणपूर्ती’ त्या गणपूरकाच्याच घरची आहे.

आणि ‘गण’ हा शब्दच पाहा. गण म्हणजे समूह, आणि गणणे म्हणजे मोजणे. गणती, गणित, गणना, अगणित सगळी एकाच कुळातली. जमणं आणि मोजणं एकाच शब्दात! जिवाणू नेमकं तेच करतात. लॅटिनच्या ‘ज्यांपैकी’त यातलं काही नाही. एकटा जिवाणू काय, तर नगण्य, म्हणजे मोजण्यात न येणारा. हा शब्द आपण ‘क्षुल्लक’ या अर्थी वापरून झिजवला. इथे तो अक्षरशः खरा ठरतो.

राहिलं ‘सेन्सिंग’. ‘संवेदन’ लिहू नका, त्याने दुखणं-खुपणं मनात येतं. मराठीत ‘चाहूल’ आहे. दिसत नसताना कोणीतरी जवळ आहे हे कळणं म्हणजे चाहूल. म्हणून ‘गणचाहूल’, आणि ती लागू न देणारे ते ‘चाहूलरोधक’. मराठी शब्दाला संस्कृत शब्द जोडला म्हणून एक निवृत्त प्राध्यापक माझ्यावर रागावले. त्यांना ‘जिल्हाधिकारी’ चालतो. त्यातला ‘जिल्हा’ अरबी आहे आणि ‘अधिकारी’ संस्कृत, आणि त्याच नावाच्या कचेरीत त्यांनी आयुष्यभर अर्ज दिले.

तुमच्या घटकांच्या यादीत लिंबूवर्गीय फळांतलं नारिंजेनिनही घाला. संत्र्याच्या गावची आहात, आणि त्याच्या नावात आपला ‘नारंग’ बसलेला आहे.

लेखात बशीचं चित्र देणार असाल तर दोन्ही कडी वेगळी मोजा. आतल्या पारदर्शक कड्याखाली ‘प्रतिजैविक परिणाम’ लिहा, बाहेरच्या धुरकट कड्याखाली ‘चाहूलरोध’. भाचीच्या वहीत दोन्ही मिळून एकच माप होतं, ते तिने नंतर खोडून दोन केलं.